४३ सेकंदांत फुटलेलं एकमत

ग्रुपवर ट्रिप ठरत नाही आणि पेमेंट ‘पेंडिंग’वर अडकतं. या दोन्हींच्या मुळाशी एकच कोडं आहे. लांब लांब बसलेल्यांनी, अर्धवट निरोपांच्या भरवशावर, एका निर्णयावर यायचं कसं? कॉम्प्युटरच्या जगातली भली भली डोकी चाळीसहून जास्त वर्षं या कोड्याशी झटतायत. तुम्हीही एकदा झटून बघा!

२२ ऑक्टोबर २०१८, सोमवार. आपल्याकडे पहाटेचे ४ वाजून २२ मिनिटं झाली होती. अमेरिकेत अजून रविवारची संध्याकाळच होती. तिथे गिटहबचे तंत्रज्ञ नेटवर्कचं एक बिघडत चाललेलं उपकरण बदलत होते. अगदी नेहमीचं काम. ते करताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं त्यांचं मुख्य डेटा सेंटर बाकीच्या नेटवर्कपासून तुटलं.

किती वेळ? ४३ सेकंद. लिफ्टची वाट बघण्यात जातो तेवढा वेळ. मग नेटवर्क परत जोडलं गेलं.

आणि त्या ४३ सेकंदांची भरपाई करायला गिटहबला किती वेळ लागला, सांगा? २४ तास ११ मिनिटं! म्हणजे आपल्याकडचा अख्खा सोमवार. जुनीच माहिती दिसतेय, वेबहूक जात नाहीत, पेजेस बिल्ड होत नाहीत, असा तो दिवस होता.

गंमत म्हणजे, त्या ४३ सेकंदांत कुठलाही सर्व्हर जळाला नाही, कोणी हॅक केलं नाही. मशीन्सनी त्यांना शिकवलं होतं तसंच केलं. मुख्य डेटा सेंटर दिसेनासं झालं तेव्हा उरलेल्यांनी रीतसर मतदान घेतलं, बहुमत जमवलं आणि नवा नेता निवडला. तरीही घोळ झाला. का झाला, ते शेवटी बघू. कारण ते कळायला आधी मशीन्स मतदान का करतात, हे कळायला हवं.

एकच मशीन का नाही ठेवत?

साधा प्रश्न आहे, पण विचारायलाच हवा. सगळा डेटा एकाच मशीनवर ठेवला तर भांडणच नाही. ते म्हणेल ते खरं. पण ते मशीन बंद पडलं की सगळंच बंद. म्हणून त्याच डेटाच्या तीन किंवा पाच प्रती वेगवेगळ्या मशीन्सवर ठेवतात. एक गेलं तरी दुसरं आहे.

इथेच डोकेदुखी सुरू होते. समजा तुमच्या खात्यात ५०० रुपये आहेत. एका प्रतीला आधी ‘४०० काढा’ हा निरोप मिळाला, दुसरीला आधी ‘३०० काढा’ हा मिळाला. पहिलीने ४०० दिले, दुसरीने ३००. दोघीही आपापल्या जागी बरोबर! बँकेचे मात्र २०० गेले. म्हणजे नुसत्या प्रती ठेवून भागत नाही. कुठली गोष्ट आधी घडली आणि कुठली नंतर, यावर सगळ्या प्रतींचं एकमत लागतं. सगळ्यांनी एकाच सुरुवातीपासून, एकाच क्रमाने, त्याच नोंदी लागू केल्या तर सगळ्यांचं उत्तर सारखंच येणार. त्यामुळे अख्खा प्रश्न एका वाक्यात मावतो. पुढची नोंद कोणती, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं.

ग्रुपवरची ट्रिप

आता तुमच्या ओळखीचं उदाहरण. पाच जणांचा ग्रुप, ट्रिप ठरवायची. एकमत झालं असं कधी म्हणायचं?

एक, शेवटी सगळ्यांच्या डोक्यात एकच ठिकाण हवं. तिघे अलिबागला आणि दोघे लोणावळ्याला पोहोचले, तर त्याला ट्रिप म्हणत नाहीत. दोन, जे ठरेल ते कोणीतरी सुचवलेलं हवं. सगळे अलिबाग म्हणत असताना अचानक महाबळेश्वर ठरून चालणार नाही. तीन, कधीतरी ठरायलाच हवं. बहुतेक ट्रिपा या तिसऱ्या अटीवरच मरतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको!

मशीन्सच्या एकमताच्या अटी याच. पहिल्या दोन अटी म्हणजे सुरक्षितता, काही भलतंच घडणार नाही याची हमी. तिसरी म्हणजे प्रगती, काम कधीतरी पुढे सरकेल याची हमी. या दोन गटांत फरक करायला शिकलात की अर्धं डिझाइन शिकलात. कारण संकट आलं की दोन्ही सांभाळता येत नाहीत, आणि कशाला सोडायचं ते आधीच ठरवून ठेवावं लागतं.

‘पोहोचला का निरोप?’

दोन टेकड्यांवर एकाच बाजूच्या दोन फौजा आहेत, मधल्या दरीत शत्रू. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जिंकणार. निरोप्या दरीतून जाणार, आणि तो वाटेत पकडला जाऊ शकतो.

पहिला सेनापती सांगतो, ‘पहाटे पाचला.’ निरोप पोहोचला की नाही, त्याला कळत नाही. म्हणून दुसरा उलट कळवतो, ‘मिळाला.’ पण ही पोच मिळाली की नाही, हे त्याला कळत नाही. मग पोचेची पोच, तिचीही पोच... हे संपतच नाही. आणि किती निरोप पाठवले तर पुरे, याचं उत्तर सिद्ध झालेलं आहे. कितीही पाठवा, पुरणार नाहीत. समजा कमीत कमी निरोपांत काम भागवणारी एखादी पद्धत आहे. तिच्यातला शेवटचा निरोप हरवूही शकतो, म्हणजे त्याच्याशिवायही काम भागायला हवं. मग तो लागतच नव्हता. म्हणजे ही पद्धत कमीत कमी निरोपांची नव्हतीच! संपलं. जिम ग्रे यांनी १९७८ साली या कोड्याला ‘दोन सेनापतींचं’ नाव दिलं आणि ते नाव चिकटलं.

आता कॅन्टीनमध्ये या. तुम्ही यूपीआयने पैसे पाठवले, तुमच्या खात्यातून गेले, आणि स्क्रीनवर गोल फिरतंय. तुमची बँक, मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या एनपीसीआयची यंत्रणा आणि पलीकडची बँक, असा हा प्रवास. पलीकडच्या बँकेचं उत्तर आलं नाही, तर पैसे जमा झाले आणि उत्तर हरवलं, की पैसे जमाच झाले नाहीत? अलीकडून दोन्ही अगदी सारखंच दिसतं. ‘पेंडिंग’ या शब्दाचा खरा अर्थ ‘आम्हालाही अजून नक्की माहीत नाही’ असा आहे.

मग काय करतात? प्रत्येक व्यवहाराला वेगळा क्रमांक असतो. त्यामुळे तोच निरोप दोनदा पोहोचला तर तो दुसरा व्यवहार नाही, हे ओळखता येतं. उरलेला गुंता नंतर हिशोब ताडून सोडवतात. त्याला मुदत घालायचं काम माणसांच्या नियमाने केलंय. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले यूपीआयचे पैसे जमा झाले नाहीत तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. दुकानदाराला केलेल्या पेमेंटसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. हे लक्षात ठेवा, उपयोगी पडेल!

मेलाय की झोपलाय?

ग्रुपमधला एक जण मेसेज बघतच नाही. त्याचा फोन बंद आहे, की तो झोपलाय, की नेटवर्क नाही? तुम्हाला कळायला मार्ग नाही. थांबायचं, की त्याला सोडून ठरवायचं?

मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन या तिघांनी १९८५ साली एक शोधनिबंध छापला आणि या क्षेत्राची झोप उडवली. त्यांनी सिद्ध केलं की निरोपाला किती वेळ लागेल याची काहीच मर्यादा नसेल आणि फक्त एक मशीन बंद पडण्याची शक्यता असेल, तर दरवेळी एकमत होईलच अशी हमी देणारी कुठलीही ठरीव पद्धत असूच शकत नाही. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून या निकालाला एफएलपी म्हणतात.

म्हणजे सोडून द्यायचं का? अजिबात नाही. निकाल नीट वाचा. ‘कधीच एकमत होत नाही’ असं तो म्हणत नाही. ‘होईलच अशी हमी नाही’ असं म्हणतो. त्यामुळे डिझाइन करणाऱ्यांनी एक शहाणपणाचा सौदा केला. सुरक्षिततेला हात लावायचा नाही. नेटवर्क कितीही वेड्यासारखं वागलं तरी दोन वेगवेगळे निर्णय होता कामा नयेत. प्रगती मात्र नेटवर्क बऱ्यापैकी शुद्धीवर असेल तेव्हा. नसेल तेव्हा थांबू. चुकीचं ठरण्यापेक्षा उशिरा ठरलेलं परवडलं.

निम्म्याहून एक तरी जास्त

या सौद्यातलं मुख्य हत्यार शाळेतल्या गणिताचं आहे, बहुमत. पाचपैकी कोणतेही तीन जण निवडा. आता पुन्हा कोणतेही तीन निवडा. दोन्ही गटांत किमान एक जण सामायिक असणारच. कारण तीन आणि तीन सहा होतात, आणि माणसं पाचच आहेत.

दिसायला साधं आहे, पण याच्यावर सगळा डोलारा उभा आहे. काल एका बहुमताने काही ठरवलं असेल, तर आजच्या बहुमतात कालचा किमान एक साक्षीदार असतोच. तो सांगू शकतो, ‘थांबा, हे आधीच ठरलंय.’ आणि नेटवर्कचे दोन तुकडे झाले, तीन इकडे आणि दोन तिकडे, तर निर्णय तिघांच्याच बाजूला होऊ शकतो. दोघांनी गप्प बसायचं.

म्हणूनच अशा मशीन्स तीन, पाच, सात अशा विषम संख्येत ठेवतात. तीन असतील तर एक बंद पडलेलं चालतं. चार केल्या तर? बहुमत तीनचं होतं, म्हणजे अजूनही एकच बंद पडलेलं चालतं. खर्च वाढला, फायदा शून्य! तोंडी परीक्षेत हा प्रश्न आला तर उत्तर आता तुमच्याकडे आहे.

पॅक्सॉस नावाचं बेट

हे हत्यार वापरून पूर्ण पद्धत बांधणाऱ्यांपैकी सगळ्यात गाजलेलं नाव लेस्ली लॅम्पोर्ट यांचं. त्यांच्या पद्धतीचं नाव पॅक्सॉस. त्यांनी ती सांगितली गोष्टीच्या रूपात. पॅक्सॉस या ग्रीक बेटावर पूर्वी एक संसद होती, तिचे सदस्य मधूनच सभागृहातून उठून जायचे, निरोपेही गायब व्हायचे, तरी कायद्यांच्या नोंदवह्या एकमेकींशी जुळायच्या, अशी रचलेली कथा. त्यावर त्यांनी इंडियाना जोन्सच्या थाटात पुरातत्त्वज्ञाचा वेश करून व्याख्यानंही दिली.

विनोद कोणाला कळलाच नाही. १९९० मध्ये निबंध पाठवला तेव्हा परीक्षकांचं म्हणणं पडलं की काम ठीकठाक आहे, ते बेटाचं प्रकरण तेवढं काढा. लॅम्पोर्ट यांनी निबंध बाजूला ठेवून दिला. तो छापून आला थेट १९९८ मध्ये! मधल्या काळात बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांचे विद्यार्थी ब्रायन ओकी यांची याच जातीची पद्धत १९८८ मध्येच प्रसिद्ध झाली होती. पुढे लिस्कोव्ह यांना २००८ चं आणि लॅम्पोर्ट यांना २०१३ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं.

पॅक्सॉसचा गाभा दोन फेऱ्यांचा. पहिल्या फेरीत प्रस्ताव मांडणारा एक क्रमांक घेऊन बहुमताला विचारतो, ‘यापेक्षा लहान क्रमांकाच्या कुणाचं यापुढे ऐकणार नाही, असं वचन द्या. आणि आधी कुणाचं काही मान्य केलं असेल तर तेही सांगा.’ दुसऱ्या फेरीत तो प्रस्ताव मांडतो. पण एक अट आहे. पहिल्या फेरीत आधीच मान्य झालेलं काही पुढे आलं असेल, तर स्वतःचं घोडं पुढे दामटायचं नाही. त्यातलं सगळ्यात मोठ्या क्रमांकाचं जे असेल तेच पुढे न्यायचं. किती समंजस नियम आहे बघा. माझं म्हणणं जिंकलं नाही तरी चालेल, पण ठरलेलं मोडता कामा नये.

समजेल असं काहीतरी

अडचण एवढीच की पॅक्सॉस वाचून मुलं घामाघूम व्हायची. आणि बांधायला घेतलं की कागदावर नसलेले शंभर प्रश्न उभे राहायचे. गूगलमधल्या तुषार चंद्रा आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये पॅक्सॉस प्रत्यक्षात उतरवतानाचा अनुभव लिहिला. निबंधातली पद्धत आणि खऱ्या यंत्रणेच्या गरजा यांत मोठी दरी आहे, हाच त्याचा सूर होता.

मग स्टॅनफर्डमधल्या दिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी वेगळंच ध्येय ठेवलं. ‘समजायला सोपी’ पद्धत करायची! २०१४ मध्ये त्यांनी राफ्ट मांडली. तीही नुसता दावा करून नाही. स्टॅनफर्ड आणि बर्कलीच्या ४३ विद्यार्थ्यांना त्यांनी दोन्ही पद्धती शिकवल्या आणि परीक्षा घेतली. ४३ पैकी ३३ जणांना राफ्टच्या पेपरात जास्त चांगली उत्तरं देता आली. आज कुबरनेटिसचा डेटा सांभाळणारं एटसीडी राफ्टवरच चालतं. म्हणजे क्लाउडचा कोर्स करत असाल तर राफ्ट तुम्ही न कळत वापरताच आहात.

राफ्ट थोडक्यात असं. एक नेता, बाकी अनुयायी. नेता ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असा निरोप पाठवत राहतो. तो यायचा थांबला की अनुयायी थोडी वाट बघतो आणि स्वतः निवडणुकीला उभा राहतो. सगळे एकदमच उभे राहिले तर मतं फुटतील, म्हणून प्रत्येकाने किती वाट बघायची हे यादृच्छिक ठेवलंय. निबंधात १५० ते ३०० मिलिसेकंदांचं उदाहरण आहे. ज्याची घंटा आधी वाजली तो आधी उभा. एका कार्यकाळात एकाला एकच मत.

नोंद करायची असेल तर नेता ती सगळ्यांकडे पाठवतो. बहुमताने उतरवून घेतली की नोंद पक्की, आणि तेव्हाच ग्राहकाला ‘झालं’ सांगायचं. समजा त्यानंतर नेता मेला. पक्की नोंद पाचपैकी किमान तिघांकडे आहे. नव्या नेत्याला तीन मतं लागतात, म्हणजे मत देणाऱ्यांत एक तरी ती नोंद असलेला असणार. आणि राफ्टचा नियम असा की ज्याची वही माझ्यापेक्षा मागे आहे त्याला मी मत देणार नाही. झालं! पक्की नोंद विसरलेला माणूस नेता होऊच शकत नाही. हे दोनदा वाचा. हे कळलं तर राफ्ट कळली.

आणि कोणी खोटंच बोललं तर?

आतापर्यंतची मशीन्स बंद पडत होती, खोटं बोलत नव्हती. खोटारडं मशीन एकाला ‘हो’ आणि दुसऱ्याला ‘नाही’ सांगतं. तीन मित्र घ्या. अमितने तुम्हाला ‘नाही’ सांगितलं. स्नेहा म्हणते, ‘मला तर अमित हो म्हणाला.’ अमित खोटा की स्नेहा? तुमच्या बाजूने दोन्ही शक्यता सारख्याच. तिघांत एक खोटारडा असेल आणि निरोप तोंडी असतील, तर सुटकाच नाही. एका खोटारड्यासाठी चार जण लागतात, दोघांसाठी सात.

लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीज यांनी १९८२ मध्ये हे कोडं सेनापतींच्या गोष्टीतून मांडलं. आधी सेनापती अल्बानियाचे करायचं लॅम्पोर्ट यांच्या मनात होतं. अल्बानिया तेव्हा जगापासून तुटलेला देश होता, कोणाला वाईट वाटायला नको! पण अल्बानियाचे लोक बाहेरच्या जगातही राहतात, हे एका सहकाऱ्याने लक्षात आणून दिलं. म्हणून सेनापती झाले बायझंटाइन. ते साम्राज्यच उरलेलं नाही, तक्रार कोण करणार?

१९९९ मध्ये मिगेल कॅस्ट्रो आणि लिस्कोव्ह यांनी अशा खोटारड्यांना पुरून उरणारी आणि व्यवहारात वापरता येईल इतकी वेगवान पद्धत दिली. पण तिथेही मतदार कोण, हे आधीपासून माहीत लागतं. २००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनला तीही सोय नव्हती. कोणीही या, हजार खोटी नावं घेऊन या. म्हणून तिथे वजन नावाला दिलं नाही. खर्च केलेल्या गणनशक्तीला, म्हणजे शेवटी विजेला दिलं. इथेरियमने सप्टेंबर २०२२ मध्ये तो विजेचा खर्च सोडून गहाण ठेवलेल्या रकमेवर मताचं वजन ठरवायला सुरुवात केली.

मग गिटहबचं चुकलं काय?

आता त्या पहाटेकडे परत जाऊ. गिटहबच्या डेटाबेसचा नेता कोण, हे ठरवणारी यंत्रणा राफ्ट वापरत होती. पूर्वेचं डेटा सेंटर तुटलं तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरच्या आणि पूर्वेच्या क्लाउडमधल्या सदस्यांनी मिळून बहुमत जमवलं आणि पश्चिमेच्या डेटाबेसला नेता केलं. नियमात अगदी बसणारं.

पण एकमत फक्त ‘नेता कोण’ यावर होतं. डेटावर नव्हतं! पूर्वेच्या डेटाबेसने नोंद घेतली की ग्राहकाला लगेच ‘झालं’ सांगितलं जायचं, आणि पश्चिमेला ती मागाहून पोहोचायची. त्यामुळे तुटण्याच्या वेळी पूर्वेकडे काही सेकंदांच्या अशा नोंदी होत्या, ज्या पश्चिमेला माहीतच नव्हत्या. आणि नेता झालेल्या पश्चिमेने जवळपास ४० मिनिटं नव्या नोंदी घेतल्या. दोन वह्या, दोन्हींत असं काही जे दुसरीत नाही. एकीला खरं मानावं तर दुसरीतल्या लोकांचं काम बुडतं. त्यांच्या सगळ्यात वर्दळीच्या डेटाबेसपैकी एकात या कचाट्यात सापडलेल्या नोंदी होत्या ९५४.

मग आधीच सगळं बहुमताने पक्कं का करत नव्हते? कारण त्याची किंमत असते. अमेरिकेचे दोन किनारे साधारण चार हजार किलोमीटर लांब. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद गेलेच, आणि हे प्रत्येक नोंदीला. एका पानासाठी डेटाबेसला पन्नास वेळा हाक मारावी लागत असेल तर गुणाकार तुम्हीच करा.

गिटहबसमोर दोन रस्ते होते. वेगाने सुरू करायचं आणि काही लोकांचा डेटा गमवायचा, किंवा डेटा वाचवायचा आणि दिवसभर शिव्या खायच्या. त्यांनी शिव्या खाल्ल्या. बॅकअपमधून डेटाबेस उभे केले, तोवर वेबहूकचे ५० लाखांहून जास्त निरोप आणि पेजेसचे ८० हजार बिल्ड रांगेत साचले. आणि कुठे काय बिघडलं हे त्यांनी मिनिटामिनिटाच्या हिशोबाने जाहीर लिहून टाकलं. आज आपण हे वाचू शकतोय ते त्यामुळेच.

डिझाइन करायला बसाल तेव्हा

अशी यंत्रणा कधी कागदावर मांडायला बसलात, तर चार प्रश्न आधी लिहा.

पहिला, काय काय बिघडेल असं धरलंय? मशीन बंद पडेल, खोटं बोलेल, की अर्धवट बिघडेल? २ नोव्हेंबर २०२० ला क्लाउडफ्लेअरमध्ये एक स्विच धड चालू नव्हता, धड बंदही नव्हता. एटसीडीच्या एका सदस्याला नेता दिसत नव्हता, पण तिसरा दिसत होता. तो सारखा निवडणुका लावत बसला. कंपनीच्या डॅशबोर्डला याचा त्रास ६ तास ३३ मिनिटं झाला. ओंगारो यांच्या प्रबंधात अशा उपद्व्यापी उमेदवारावर उपाय आहे. उभं राहण्याआधी नुसतं विचारायचं, ‘राहिलो तर मत द्याल का?’

दुसरा, संकटात काय सोडायचं? थांबायचं, की जुनी माहिती दाखवायची? लाइक मोजताना दुसरं चालेल. बँकेत नाही.

तिसरा, ‘झालं’ हा शब्द नेमका कधी उच्चारायचा? एका मशीनने लिहिल्यावर, की बहुमताने लिहिल्यावर?

चौथा, चुकतंय हे कळणार कसं? नुसत्या टेस्टिंगने कळत नाही. ॲमेझॉनच्या इंजिनिअर्सनी डायनॅमोडीबीचं डिझाइन लॅम्पोर्ट यांच्या टीएलए प्लस या भाषेत लिहून कॉम्प्युटरकडून तपासून घेतलं, तेव्हा डेटा गमावू शकणारा एक दोष सापडला. तो उघड व्हायला ३५ पायऱ्या ठरावीक क्रमाने घडाव्या लागत होत्या. एवढी लांब साखळी कुठल्या माणसाला सुचणार?

तीन टर्मिनल पुरेत

याला डेटा सेंटर लागत नाही. एका लॅपटॉपवर तीन टर्मिनल उघडा, तीन प्रोसेस एकमेकांशी बोलू द्या. एमआयटीचा डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्सचा कोर्स, रॉबर्ट मॉरिस यांच्या व्याख्यानांसह, यूट्यूबवर फुकट आहे. त्यात गो भाषेत राफ्ट लिहायचा गृहपाठ असतो. पहिल्या दिवशी फक्त निवडणूक जमवा. मग नोंदी. मग नेत्याची प्रोसेस मारून टाका आणि बघा काय होतं ते.

मित्राला शेजारी बसवा. तुम्ही ‘नोंद पक्की’ म्हणालात की त्याने हवं ते मारावं, हवी ती जोडणी तोडावी. फक्त दोन एकदम मारू नका, तीनपैकी बहुमतच उरणार नाही. फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणून ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम’ची कितवी तरी आवृत्ती करण्यापेक्षा हे नक्कीच भारी दिसेल. आणि मुलाखतीत कोणी विचारलंच, ‘काय केलंय?’, तर म्हणा, तीन मशीन्सचं एकमत करून दिलंय. त्यातलं एक मी मधेच मारलं होतं.